वीट मागं राहिली

“मग खाली कुठे आहे, आण्णा?”

मृणालबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

केरबाआण्णा अंगणात घोंगडीवर बसून जुन्या ढोलाची दोरी ताणत होते. दोरीला मेण लावायचं, ओढायची, गुडघ्यात धरायची, गाठ मारायची… उत्तर द्यायची घाई त्यांना कधीच नसे.

बाई उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नव्हत्या.

“तीनतालात खाली आहे. झपतालात आहे. तुमच्या नावाच्या केरव्यातसुद्धा आहे. आणि या संचलनात? डावा, उजवा, डावा, उजवा. नुसती टाळीच टाळी. ज्यात खाली नाही, त्याला मी ताल कसा म्हणू?”

गाणं न शिकलेल्या माणसाला एवढं कळलं तरी पुरे, की हाताने ताल धरताना एका जागी टाळी वाजवत नाहीत. तिथे तळवा उताणा करून बाजूला नेतात. मात्रा मोजायची, पण आवाज करायचा नाही. त्या जागेला खाली म्हणतात.

आण्णांनी मान वर केली. बाईंच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघितलं.

“बाई, तुमाला चालता येतं?”

बाईंना ते लागलं. मिरजेला बारा वर्षं गुरूंपुढे बसून त्या गाणं शिकल्या होत्या, विशारद झाल्या होत्या. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी केला नव्हता.

“म्हणजे?”

“चालून दावा की.”

अंगण लहान होतं. दारापासून शेवग्याच्या झाडापर्यंत चौदा पावलं. बाई गेल्या आणि आल्या. पावलं अगदी एका लयीत पडली.

आण्णांनी गाठ मारली.

“येतंय,” ते म्हणाले. “एकटीला येतंय.”

आणि पुन्हा दोरीला मेण लावायला लागले.

*

बाई त्या दाराशी हौसेने आल्या नव्हत्या.

गाव तालुक्याचं, आणि फौजेतल्या माणसांचं. घरटी एक तरी टोपी खुंटीला लटकलेली. अशा गावात शाळेला बँड नसेल तर शाळेला दारच नाही असं लोक मानत. केरबा यादव फौजेच्या बँडमधून हवालदार होऊन परत आले, ते शाळेत शिपाई म्हणून लागले आणि वीस वर्षं बँड त्यांनीच उभा केला. पोरं त्यांना केरवाआण्णा म्हणायची. ते रागवायचे नाहीत. नाव आईनं ठेवलं आणि ठेका पोरांनी, असं हसून सांगायचे.

ते निवृत्त झाले, गुडघे गेले. मग शाळेत संगीताची जागा निघाली आणि मृणाल ताम्हनकरबाई आल्या. गळा गोड, शिकवणं चोख. गाण्याच्या तासाला शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत येऊन उभी राहायची.

पण गाण्याबरोबर बँडही त्यांच्या गळ्यात पडला होता.

सव्वीस जानेवारीला शाळेपासून तहसील कचेरीच्या मैदानापर्यंत मिरवणूक निघायची. पुढे बँड, मागे सगळी शाळा. बाजारपेठेतून सरळ जाऊन तालमीपाशी डावीकडे वळायचं. रस्ता अरुंद, आणि वळण काटकोनात.

दोन वर्षं बँड त्याच कोपऱ्यावर फुटला होता.

सरळ रस्त्यावर बत्तीस मुलं एका जिवाची वाटायची. तालमीचा कोपरा आला की आतल्या अंगाची पुढे निघून जायची आणि बाहेरच्या अंगाची मागे पडून धावत सुटायची. मध्ये बडा ढोल एकटाच कोणाला तरी शोधत असल्यासारखा वाजत राहायचा. मागच्या वर्षी तालमीच्या ओट्यावर बसलेल्या पैलवानांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एक जण म्हणाला होता, बँड गेला का वरात उधळली? बाजारभर हसू पसरलं. बाईंनी ते मैदानापर्यंत कानात वागवत नेलं.

यंदा मुख्याध्यापक पाटणेसरांनी बाईंना बोलावून सांगितलं होतं. त्यांचा आवाज कडक नव्हता, हेच जास्त वाईट. ते म्हणाले, कोपरा सलग वळलात तर पुढचं बोलू. यंदाही फुटला तर पुढच्या वर्षी टेम्पोवर स्पीकर लावू, धून त्यावर वाजेल, बँडचा तास गणिताला देऊ, आणि ढोल माळ्यावर ठेवू. पालकांचंही तेच म्हणणं आहे.

बाईंनी सगळं करून बघितलं होतं. मुलांना सभागृहात मांडी घालून बसवलं, मोबाइलवर ठोका लावला आणि महिनाभर वाजवून घेतलं. बसून वाजवताना एक मात्रा इकडची तिकडे होत नव्हती. डोळे मिटून ऐकलं तर एकच माणूस वाजवतोय असं वाटायचं.

मैदानावर नेऊन वळवलं की पुन्हा तेच.

म्हणून, आठ दिवस उरले तेव्हा, त्या केरबाआण्णांच्या दाराशी आल्या. आल्या मदत मागायला, आणि भांडत बसल्या त्या खालीच्या जागेवरून.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा काठी टेकत मैदानावर आले.

मुलांनी निलगिरीखाली खुर्ची टाकली, तीत बसले. एक वीट मागवली. मैदानाच्या मध्यावर ती ठेवायला लावली.

“ही तालीम,” ते म्हणाले. “हिच्या भवती वळा.”

बँड विटेपर्यंत आला, वळला आणि फुटला.

आण्णांनी तंबाखूची डबी काढली.

तीन सकाळी असंच झालं. बँड यायचा, विटेभोवती फुटायचा, आण्णा बघायचे. बाई मधूनमधून त्यांच्याकडे वळून बघायच्या. ते तंबाखू मळत असायचे. एकदा तर बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. जवळ गेल्या तर ते डोळे मिटून नुसते पाय ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी बाईंचा धीर सुटला. त्यांनी स्वतःच उपाय काढला. तिसऱ्या ओळीत राणी पोवार नावाची सातवीतली मुलगी होती. साइड ड्रम वाजवायची आणि चालताना नेहमी अर्धी मात्रा पुढे पळायची. बाईंनी ठरवलं की तिला काढायचं.

आण्णांनी ऐकून घेतलं.

“ती का पळती, इचारलंत?”

बाई म्हणाल्या, विचारायचं काय त्यात? लय कच्ची आहे.

“लय कच्ची न्हाई. ती मागं राहायला भिती.”

“ते एकच झालं.”

“एकच कसं?… तिला पहिल्या ओळीत, बाहेरच्या अंगाला लावा.”

बाई बघतच राहिल्या. बाहेरचं अंग म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोरचं. तिथे त्यांनी मुद्दाम निवडक मुलं लावली होती. कच्ची होती ती आत, तालमीच्या भिंतीच्या बाजूला. भिंतीला काय दिसतंय?

“वळताना बाहेरच्याला लांब ढांग लागती,” आण्णा म्हणाले. “घाई तिथं लागती. तिच्याकडं हाय ती… कशाला काढून टाकता?”

“आणि आत?”

“तुमचा सगळ्यात चांगला कोण?”

सगळ्यात चांगला समीर मुलाणी होता. नववीतला. हातात काठ्या घेतल्या की मैदानाच्या कडेने जाणारे सायकलवाले थांबायचे. पहिल्या ओळीत, बाहेरच्या टोकाला उभा असायचा, छाती पुढे काढून.

“त्याला विटेपाशी लावा.”

“भिंतीकडे? आण्णा, तिथे कोणी बघणार नाही त्याला.”

“म्हणून तर.”

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना पटलं नव्हतं, पण पाच दिवस उरले होते.

*

समीरला मात्र सांगून भागलं नाही.

आतल्या माणसाचं काम त्याला आण्णांनी खुर्चीतूनच समजावलं. वळण आलं की बाकीच्यांनी चालायचं, तू जागच्या जागी. पाय वाजला पाहिजे, पण पुढं सरकता कामा नये. बाहेरचा फिरून तुझ्या रेषेत आला की मग निघायचं. तोवर कदमताल.

समीरने ऐकलं. मग ड्रमचा पट्टा गळ्यातून काढला.

तो उद्धटपणे बोलला नाही. एवढंच म्हणाला, की आण्णा, मी तिथे उभा राहून काय माशा मारू? लोक म्हणतील ह्याला चालताच येईना. माझे अब्बा कोपऱ्यावरच्या सायकल दुकानासमोर उभे असतात दर वर्षी.

ड्रम त्याने विटेवर ठेवला आणि नळाकडे निघून गेला.

मुलं विटेवरच्या ड्रमकडे बघत राहिली.

बाई आण्णांजवळ आल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल.”

“काय सांगू?”

“की आतली जागा मोठी असते म्हणून.”

आण्णांनी तळहातावरचा तंबाखूचा चुरा फुंकला.

“सांगून कसं कळंल? त्यानं कुणाला आत हुबं ऱ्हायलेलं बघितलंच न्हाई.”

… 

बँडपुढे चालताना बाई हातात पितळी बोंडाचा दंड धरायच्या. मिरवणुकीत तो वर गेला की बँड सुरू व्हायचा आणि खाली आला की थांबायचा. त्यांनी तो नववीतल्या एका मुलीच्या हातात दिला. विटेवरचा ड्रम उचलला, पट्टा गळ्यात घातला आणि पहिल्या ओळीत, आतल्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. शेजारी सातवी-आठवीतली मुलं त्यांच्या खांद्याला लागत होती.

कोणीतरी फिसकन हसलं.

बँड निघाला. विटेपाशी आला. बाहेरची मुलं वळायला लागली.

“बाई,” आण्णा खुर्चीतून म्हणाले, “वीट मागं राहिली.”

बाईंनी खाली बघितलं. वीट खरंच दोन हात मागे राहिली होती. आपण पाय जागच्या जागी टाकतोय असं त्यांना शपथेवर वाटत होतं.

पुन्हा.

“वीट मागं राहिली, बाई.”

पुन्हा.

मुलांना आता मजा वाटायला लागली होती. वीट मागे राहिली की आण्णांच्या आधी तीच ओरडायची. बाईंचे कान लाल झाले. त्यांचा हात अचूक पडत होता. ड्रमवर एक काठी चुकत नव्हती. पण पाय… पाय ऐकतच नव्हते. बाजूचा पुढे जाताना दिसला की पाय आपसूक वीतभर पुढे पडायचा.

सहाव्या वेळेला बाई थांबल्या, धाप लागून.

“मला मागे पडल्यासारखं वाटतं,” त्या म्हणाल्या.

हे बोलल्या, आणि लगेच त्यांची नजर बाहेरच्या टोकाला गेली. राणी पोवार तिथे उभी होती, टाचा उंचावून, केव्हा निघायचं याची वाट बघत.

आण्णांनी ते बघितलं.

*

त्या दुपारी शाळा सुटल्यावर बाई पुन्हा त्यांच्या अंगणात गेल्या. या वेळी बसल्या. चपला काढून, घोंगडीच्या कडेला.

म्हातारीने, म्हणजे आण्णांच्या बायकोने, चहा आणला. बाईंच्या पायाला फोड आला होता. तिने न विचारता खोबरेल तेलाची वाटी समोर ठेवली. म्हणाली, ह्यांच्या नादाला लागलेल्या माणसाला आधी तेल लागतं, मग ताल.

बाईंनी फोडावर तेल लावलं.

मग आण्णांनीच सांगितलं, तेही तुटक. बावीस वर्षं फौजेत बडा ढोल वाजवला. तो ढोल पोटावर असा येतो की वाजवणाऱ्याला आपले पाय दिसत नाहीत. रस्ताही दिसत नाही. पुढच्या माणसाची मान दिसते, तेवढीच.

“बावीस वर्सं मी माझे पाय बघितले न्हाईत, बाई.”

“मग चालत कसे होतात?”

“आतला माणूस नीट असला, की चालता यायचं.”

“तो कोण होता?”

आण्णा आठवत राहिले.

“नाव याद येत न्हाई आता…” ते म्हणाले. “कुणालाच येणार न्हाई. कदमताल चांगलं करायचा.”

बाईंनी चहा संपवला. मग त्यांच्या मनात आलं ते त्या बोलून गेल्या.

“मैदानावर वीट आहे. तालमीच्या कोपऱ्यावर काय? मुलांना वळायची जागा कळणार कशी? खडूने खूण करू?”

“बाजार हाय. पुसून जाईल.”

“मग वीटच ठेवू.”

“कोण तरी लाथंनं उडवंल.”

“मग?”

आण्णांनी ढोलाच्या दोरीवरून बोट फिरवलं. दोरी आता चांगली ताणली होती.

“बगू,” ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मैदानावर गेल्या, तेव्हा कोणी आलं नव्हतं. फक्त विटेपाशी समीर होता.

ड्रम गळ्यात होता, पण तो वाजवत नव्हता. नुसते पाय टाकत होता, खाली मान घालून, विटेकडे बघत. चार पावलं झाली की थांबायचा. विटेपासून पायापर्यंत बोटांनी अंतर मोजायचा. पुन्हा सुरू.

बाई मागच्या मागे वळल्या आणि नळाशी जाऊन उगाच हात धुत बसल्या.

त्या दिवशी बँड विटेभोवती वळला तेव्हा फुटला नाही. थोडा ताणला गेला… पण फुटला नाही. राणी पोवार बाहेरून लांब ढांगा टाकत आली आणि तिची सगळी घाई ओळीत बरोबर बसली. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतही बाईंनी आतल्या टोकाला चांगलीच मुलं लावली होती.

आण्णा खुर्चीतून उठले. उद्यापासून मी येत नाही, गुडघे बोलायला लागलेत, असं म्हणाले.

“मिरवणुकीला?” बाईंनी विचारलं.

मैदानापर्यंत नाही जमणार, ते म्हणाले. तालमीच्या ओट्यापर्यंत येईन.

*

सव्वीस तारखेला सकाळी झेंडावंदन झालं आणि मिरवणूक निघाली.

कडक थंडी होती. मुलांच्या पांढऱ्या गणवेशांवर लाल पट्टे. बासऱ्यांची टोकं गार पडून ओठांना चिकटत होती. पाटणेसर कडेने चालत होते. त्यांनी बाईंना दोनदा सांगितलं होतं, मैदानावर तहसीलदारसाहेबांपुढे बँडप्रमुखाचं नाव पुकारतात, तुम्ही दंड घेऊन सगळ्यांत पुढे राहा.

बाजारपेठेत दुकानांच्या पायऱ्यांवर लोक उभे होते. बडा ढोल डाव्या पायावर पडत होता. धम्… धम्… लांबून तालमीचा दगडी ओटा दिसायला लागला. पैलवान होतेच. त्यांच्यामध्ये, काठीवर हात ठेवून, केरबाआण्णा बसले होते. समोर सायकल दुकानापाशी समीरचे अब्बा.

कोपरा पन्नास पावलांवर आला.

रस्त्याच्या मध्ये कोणीतरी उसाची मोळी टाकून ठेवली होती. ती उचलली गेली, पण पाचट पसरलं. वळायची जागा कुठली ते बाईंनाही कळेना. समीरने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

बाईंनी हातातला दंड मागच्या मुलीला दिला.

त्या भराभर पुढे गेल्या, कोपऱ्यावर पोहोचल्या, ओट्यापासून दोन हातांवर बँडकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आणि जागच्या जागी पाय टाकायला लागल्या. डावा, उजवा. डावा, उजवा.

पाटणेसर ओट्याच्या कडेला सरले.

पहिली ओळ आली. समीर बाईंच्या अगदी पुढ्यात येऊन ठेपला. त्याची नजर त्यांच्या पायांवर होती. तो कदमताल करत राहिला, छाती पुढे न काढता. शेजारची मुलं त्याच्याभोवती फिरली, बाहेरून राणी पोवार आली, ओळ सरळ झाली, आणि समीर निघाला. मग दुसरी ओळ. मग ढोल, वाजवणाऱ्याला आपले पाय न दिसता. मग तिसरी… बासऱ्या, झांजा. एकेक ओळ बाईंपाशी यायची, त्यांच्याभोवती दाराच्या फळीसारखी फिरायची आणि निघून जायची. प्रत्येक ओळ पुढे गेली की पाय तिच्यामागे निघू बघायचे. बाई त्यांना धरून ठेवत होत्या. फोड फुटल्याचं त्यांना कळलं, पण नंतर.

शेवटची ओळ वळली.

पैलवानांतलं कोणी हसलं नाही. सायकल दुकानापाशी समीरचे अब्बा बाजूच्या माणसाला काही विचारत होते. तो माणूस पहिल्या ओळीच्या आतल्या टोकाकडे बोट दाखवत होता.

पाटणेसर बाईंच्या जवळून गेले तेव्हा जरा थांबले. म्हणाले, वेळापत्रकात बँडचा तास राहू देतोय. मग थोडं घुटमळून, तिकडे नाव पुकारतील, चला. आणि तेही पुढे गेले.

ढोल आता कचेरीच्या रस्त्याला लागला होता. आवाज लांब लांब चालला.

बाई जागच्या जागी पाय टाकतच होत्या. उजवा हात मघापासून मांडीवर ताल धरत होता, लहानपणापासूनच्या सवयीने. एक टाळी, दुसरी टाळी… आणि मग हाताने आपोआप तळवा उताणा केला आणि बाजूला नेला.

बाईंनी हाताकडे बघितलं. मग पायांकडे.

… 

“आण्णा,” त्या हळूच म्हणाल्या, “बँड गेला. आता थांबू?”

आण्णांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते बाजारपेठेच्या रस्त्याकडे बघत होते. तिकडून शाळा येत होती, वर्गामागून वर्ग. आणि सगळ्यांच्या मागे, जिथे ढोलाचा आवाज पोहोचतच नव्हता, तिथे पहिलीची पोरं एकमेकांचे सदरे धरून, कागदी झेंडे सांभाळत, कोणाचा पाय कुठे पडतोय याचा पत्ता नसलेली.

आण्णांनी काठी उचलली आणि ओट्याच्या दगडावर टेकवली. बाईंच्या डाव्या पायाबरोबर. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा.

“मागनं कोण येतंय,” ते म्हणाले, “ते बगा आधी.”